भिंगरीची रेघ

मॅडम, तुम्ही खोटं लिहिलंत.

सरकारी कागदावर, शिक्का मारून, सहीखाली तारीख टाकून खोटं लिहिलंत, आणि तेही माझ्या बाजूनं! विरुद्ध लिहिलं असतंत तर मी हूं की चूं केलं नसतं. माझ्याविरुद्ध लिहिलेलं वाचण्यात माझी हयात गेली आहे. संपादकांनी परत पाठवलेल्या माझ्या लेखांवरचे शेरे एकत्र केले तर माझ्या लेखांपेक्षा जाड पुस्तक होईल, आणि खपेलही जास्त. पण तुम्ही लिहिलंत, 'पालकांनी पाल्यास प्रत्येक टप्प्यावर योग्य ते मार्गदर्शन केल्याचे दिसून आले.'

दिसून आले? कोणाला? तुम्ही आमच्या जिन्यात माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होतात. तुम्हाला काय दिसलं ते मला माहीत आहे, कारण ते दिसल्यावर तुम्ही पटकन मान वळवून आमच्या दिव्याच्या बटणाकडे पाहायला लागलात. त्या बटणात पाहण्यासारखं काही नाही.

हे पत्र मी छापायला देतो आहे, त्यामुळे ज्यांनी आमचा जिना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगतो. तुम्हीही वाचा. तुमच्या अहवालात यातलं काहीच नाही.

आमची मुलगी घरी शिकते. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. शाळेत असताना तिनं पुठ्ठ्याची पवनचक्की केली होती. ती वाकडी होती, पण फिरायची. बक्षीस मिळालं शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या चक्कीला. ती सरळ होती, रंगवलेली होती आणि तिच्या वडिलांनी केली होती. फिरत नव्हती. त्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलावर हात आपटून एक भाषण केलं. 'मुलांच्या हातातलं काम काढून घेणारे आईबाप हे चोर आहेत' हे त्यातलं सर्वांत सौम्य वाक्य. मग मुलीला घरी आणलं. हे भाषण लक्षात ठेवा. मला विसरता आलं तर फार बरं होईल, पण निदान तुम्ही तरी लक्षात ठेवा.

घरी आमचा एकच नियम. चूक ज्याची, दुरुस्ती त्याची, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. हा नियम मी केला. मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "मध्ये बोलायचं नाही? मग जावईबापू, तुमचं कसं व्हायचं?"

तर तुमच्या शिक्षण खात्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. अधिकारी गुरुवारी येतील, 'प्रत्यक्ष कृतीतून होणारे शिक्षण' पाहतील, आणि ते समाधानकारक नसेल तर मुलीला पुन्हा शाळेत घालावं लागेल. भिंगरीनं पत्र वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "म्हणजे मी काहीतरी करून दाखवायचं?"

"करून दाखवायचं नाही," मी म्हणालो. "आपण रोज जे करतो तेच करायचं. त्या बघतील."

किती सुंदर वाक्य! अजून आठवलं की मी एकटाच कान पकडतो.

आमच्या बाथरूमचं दार खाली घासायचं. ओल धरून लाकूड फुगलं होतं. आत जाताना खांदा लावायचा, बाहेर येताना लाथ. सासूबाई दोनदा आत अडकल्या होत्या आणि दोन्ही वेळा बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं होतं की जणू ते दार मी लहानपणापासून वाढवलं आहे. सुताराला बोलवा, असं बायको वर्षभर म्हणत होती. मी म्हणालो, सुतार कशाला? ही तर चालून आलेली संधी आहे! घर्षण आहे, मापन आहे, लाकडाचे गुणधर्म आहेत.

"आंघोळ पण आहे," बायको म्हणाली. ती दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर काम करते आणि तिला सकाळी वेळेवर आंघोळ लागते, हा तिचा एकमेव हट्ट.

भिंगरीनं मात्र काम असं केलं की मला भरून आलं. तिनं दाराच्या खालच्या कडेला खडू फासला आणि दार दहा वेळा उघडलं-मिटलं. जिथे घासत होतं तिथे फरशीवर पांढरा पट्टा उमटला. त्यावरून तिनं ठरवलं की बिजागरीकडून काही काढायचं नाही, कडीच्या बाजूनं थोडं काढायचं आणि मध्ये हळूहळू कमी करत आणायचं. मग दाराच्या आतल्या अंगाला, खालच्या कडेच्या जरा वर, पट्टी धरून तिनं पेन्सिलीची एक रेघ ओढली. केसासारखी बारीक. "इथपर्यंत," ती म्हणाली. "रेघ अर्धी राहिली पाहिजे. पूर्ण गेली तर जास्त काढलं."

मॅडम, ही रेघ नीट ध्यानात ठेवा.

दार काढणं हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. स्क्रूंवर रंगाचे इतके थर होते की या घरात आमच्याआधी राहून गेलेल्या प्रत्येक कुटुंबाची आवड त्यात दिसत होती. एका स्क्रूचं डोकं तुटलं. शेवटी दार निघालं ते एकदम, माझ्या अंगावर. घरात ते आडवं ठेवायला जागा नव्हती, म्हणून बाहेर जिन्यापाशी दोन खुर्च्यांवर ठेवलं.

लगेच सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते कोणतीही वस्तू कुठेही ठेवली की येतात. "हे काय आहे?"

"दार."

"ते दिसतंय. सामायिक जागेत दार ठेवायला परवानगी घेतलीत?"

"काका, आम्ही शिकतोय," भिंगरी म्हणाली.

"शिका ना. पण आत शिका." मग त्यांनी दारावर हात फिरवला आणि आवाज जरा उतरवून म्हणाले, "आमचंपण घासतं खाली. तुमचं झालं की सांगा."

वरच्या मजल्यावर मोजणीकाका राहतात. नोकरीभर जमिनी मोजल्या, आता दुसऱ्यांच्या चुका मोजतात. ते रोज खाली येऊन दाराशेजारी तिसरी खुर्ची टाकून बसू लागले. पहिल्या दिवशी म्हणाले, दार बरोबर आहे, फरशीलाच उतार आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, फरशी बरोबर आहे, इमारतच कलली आहे. सेक्रेटरींनी हे ऐकलं आणि दोघांत असं भांडण जुंपलं की भिंगरीला रंधा मारायला दाराची एकच बाजू उरली.

आणि इकडे घरात बाथरूमला दार नाही! बायकोनं जुनी चादर दोरीवर टाकली. पण चादरीला कडी नसते. आत कुणी आहे की नाही हे कळावं कसं? भिंगरीनं उपाय काढला. आत असलेल्यानं मोठ्यानं पाढा म्हणत राहायचं. थांबला की बाहेरच्यानं समजायचं, मोकळं झालं. सासूबाईंना अडीचकी येते, ती त्या अशा ठसक्यात म्हणायच्या की वरून मोजणीकाका साथ द्यायचे. बायको तेराचा म्हणायची, कारण तिला घाई असायची आणि तेराचा तिला झोपेतही येतो. मला भिंगरीनं मुद्दाम एकोणतीसचा दिला. मी एकोणतीस सत्तेला दर वेळी अडखळायचो, आणि चादरीबाहेरून भिंगरी ओरडायची, "दोनशे तीन, बाबा!" विवस्त्र अवस्थेत चूक सुधारून घेणं यात एक वेगळीच अप्रतिष्ठा आहे. पण खरं सांगतो, ते दिवस चांगले होते.

भिंगरी रंधा हळू मारायची. दोन फटके, मग वाकून बघ. दोन फटके, मग बोटानं चाचप. मंगळवारी दुपारीदेखील रेघ अजून जराशी लांबच होती. मोजणीकाका म्हणाले, "लेखकमहाशय, या वेगानं मॅडम येतील, बदलून जातील, निवृत्त होतील."

"तिला तिच्या गतीनं करू दे," मी म्हणालो. तोंडानं.

मग भिंगरी आजीबरोबर वाचनालयात गेली. मोजणीकाका जेवायला वर गेले. जिन्यात मी आणि दार. रंधा दारावरच पडलेला.

मी फक्त दोनच फटके मारणार होतो.

मॅडम, तुम्ही कधी रंधा मारला आहे का? नसेल तर माझा न्याय करू नका. असेल तर करूच नका. लाकडाची पातळ साल गुंडाळी होऊन वर येते, मनगटावरून घसरते, ताज्या लाकडाचा वास सुटतो, आणि माझ्यासारख्या माणसाला, ज्याचं कुठलंही वाक्य एका झटक्यात सरळ झालेलं नाही, अचानक वाटतं की आपल्या हातून जगात काहीतरी गुळगुळीत होतंय. मी थांबलो तेव्हा माझी पावलं सालींत बुडाली होती. मी वाकून पाहिलं. रेघ नव्हती.

अर्धी नव्हती, पाव नव्हती. जिथे रेघ होती ती जागाच आता जमिनीवर गुंडाळ्या होऊन पडली होती. मी काय केलं? भिंगरीला गाठून सांगितलं? नाही. मी साली पिशवीत भरल्या, पिशवी कचऱ्यात टाकली आणि हात धुतले.

ती आल्यावर म्हणालो, "मला वाटतं झालंय. बसवून बघूया का?" तिला वाकून बघायला वेळच दिला नाही. मोजणीकाकांना हाक मारली, सेक्रेटरी आपणहून आले, सगळ्यांनी मिळून दार उचललं, बसवलं.

दार अजिबात घासलं नाही. खालून आमचं मांजर शेपटी उभी ठेवून आत गेलं आणि तशीच उभी ठेवून बाहेर आलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "यात तर गुडघ्यापर्यंत दिसेल. मी चादरीतच बरी."

सगळे भिंगरीकडे पाहत होते. भिंगरी फटीकडे. आणि मी, मॅडम, मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणालो, "असू दे. शिकणाऱ्याच्या हातून चुका व्हायच्याच."

हे वाक्य मी उच्चारलं. याच तोंडानं मी दुसऱ्या दिवशी चहा प्यायलो.

बुधवारी भिंगरी टेप घेऊन बाथरूमच्या चौकटीपुढे बसून होती. मोजायची, भिंतीवर पेन्सिलीनं आकडा लिहायची, पुन्हा मोजायची. दर वेळी तोच आकडा. दारावरच्या रेघेवर तिचा इतका विश्वास होता की तिकडे तिनं पाहिलंच नाही. "आई, टेप सैल होते का गं?" तिनं विचारलं. बायको म्हणाली, नाही होत. "मग मीच चुकले कुठेतरी," ती म्हणाली आणि पुन्हा मोजायला लागली. मध्ये कुणी बोललं नाही. नियमच तसा होता. त्या नियमाचा मला इतका आधार कधीच वाटला नव्हता.

मी मात्र गप्प बसू शकत नव्हतो, म्हणून आणखी एक दुरुस्ती केली. दार खाली सरकवून बसवलं की फट वर जाईल आणि वर कोण पाहतंय? बिजागऱ्या काढून खाली लावल्या. नवी भोकं जुन्या भोकांच्या इतकी जवळ पडली की लाकूड सोललं. मला ते दिसलं. मी तिथे रंग लावला.

गुरुवारी सकाळी बायको आंघोळ करून दार हातात घेऊन बाहेर आली.

"अहो," ती म्हणाली, दार तसंच धरून, "तुमचा विषय माझ्या अंगावर आला."

दार पुन्हा जिन्यात गेलं, चादर पुन्हा दोरीवर चढली, आणि तेवढ्यात खालून तुमच्या चपलांचा आवाज आला.

यापुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते लिहिलं नाहीत म्हणून मी लिहितो. तुम्ही दमून आल्या होतात. दोन बस बदलून आल्या होतात. पाणी प्यायलात आणि आधी काय विचारलंत तर बाथरूम कुठे आहे. सासूबाईंनी चादर दाखवली आणि सरळ सांगितलं, "पाढा म्हणत राहा हं बाई, नाहीतर कुणीतरी येईल आत."

तुम्ही हसलात. सासूबाई हसल्या नाहीत. मग तुम्ही आत गेलात, पाढा काही ऐकू येईना, मांजर चादरीकडे निघालं आणि आतून घाईघाईनं आवाज आला, "सतरा एके सतरा!" चांगला खणखणीत आवाज आहे तुमचा. सतरा सत्ते एकशे एकोणीसपर्यंत तो तसाच होता. मग म्हणालात, "सतरा आठे... सतरा आठे..." आणि जिन्यातून मोजणीकाकांनी हाक दिली, "एकशे छत्तीस! पुढे चला!"

तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचे कान लाल होते. मला आनंद झाला. वाटलं, बरं झालं, आता ही बाई आपल्याला काही बोलायची नाही. इतका मी घसरलो होतो.

मग तुम्ही भिंगरीला विचारलंत, "दार तू केलंस?"

"मी बिघडवलं," ती म्हणाली. "पण कुठे बिघडवलं ते सापडत नाहीये. मापं सगळी बरोबर येतात. थांबा, मी तुम्हाला माझी रेघ दाखवते. दार पालथं आहे, जरा धरता का?"

तुम्ही पर्स खांद्यावर टाकून एक बाजू धरलीत, सेक्रेटरींनी दुसरी. दार उलटलं. भिंगरी वाकली आणि तिनं खालच्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग उलट फिरवलं.

"अर्धी राहायला पाहिजे होती," ती म्हणाली. स्वतःशीच.

मग तिनं मान वर केली. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे.

सासूबाई म्हणाल्या, "मांजरानं चाटली असेल." माझ्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मदतीला आल्या, आणि त्या मदतीची मला लाज वाटली. पण तिचा फायदा घेत मी घसा खाकरला आणि म्हणालो, "लाकूड कधीकधी आकसतं."

"रेघ पण आकसते, बाबा?"

मोजणीकाका टेपशी खेळायला लागले. सेक्रेटरींना खाली काहीतरी ठेवलेलं आठवलं, पण ते गेले नाहीत. तुम्ही दिव्याच्या बटणाकडे पाहायला लागलात. आणि मी म्हणालो, "मी मारला रंधा. तू वाचनालयात गेली होतीस तेव्हा."

मला वाटलं ती रडेल. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, दोन शब्द बोललो असतो, आणि माझे शब्द तसे बरे असतात. ती रडली नाही. तिला एकदम हलकं वाटलेलं दिसलं. "म्हणजे माझं माप बरोबर होतं?" तिनं मोजणीकाकांना विचारलं.

"सुतासारखं," काका म्हणाले.

मग तिनं रंधा, पट्टी, डिंकाचा डबा आणि लाकडाची एक लांब फळी माझ्यापुढे ठेवली. "चूक तुझी, दुरुस्ती तुझी. मध्ये कुणी बोलणार नाही."

आणि कुणी बोललं नाही, मॅडम! तुम्ही साक्षीदार आहात. मी फळी उलटी धरली, कुणी बोललं नाही. मी चुकीच्या बाजूला डिंक लावला, कुणी बोललं नाही. मी अंगठ्यावर हातोडी मारून घेतली तेव्हा फक्त सेक्रेटरींनी "आई गं" म्हटलं आणि भिंगरीनं त्यांच्याकडे पाहिलं. तुम्ही चहा पीत शेवटपर्यंत थांबलात. निघताना माझ्याकडे पाहिलं नाहीत.

मग तुमचा अहवाल आला. परवानगी कायम, मुलीची प्रगती उत्तम, आणि पालकांचं 'योग्य ते मार्गदर्शन'. चादरीचा उल्लेख नाही, सतराच्या पाढ्याचा नाही, रेघेचा तर नाहीच. बायको म्हणाली, "वाचलो बाई. आता गप्प बसा, काही खुसपट काढू नका." मीही गप्पच बसणार होतो. पण भिंगरीनं अहवाल वाचला आणि विचारलं, "हे खोटं आहे ना?"

मी म्हणालो, त्या चांगल्या आहेत गं, त्यांनी सांभाळून घेतलं.

"पवनचक्कीच्या वेळी शाळेतल्या बाईंनी पण त्या मुलीच्या बाबांना सांभाळूनच घेतलं होतं," ती म्हणाली. "मग आपण घरी कशाला शिकतो?"

मी मुख्याध्यापकांपुढे टेबलावर हात आपटून बोललो होतो. या वाक्यापुढे आपटायला माझ्याकडे टेबल नव्हतं.

आता ती आजीकडे शिकते. आजी तिला रफू शिकवतात. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या म्हणे, की उसवलेलं लपवायचं नसतं, धरून ठेवायचं असतं. माझ्याशी ती नीट बोलते, हसते, पानंसुद्धा वाढते. पण मी काही शिकवायला बसलो की उठून जाते. "त्या मॅडम बरोबर लिहितील तेव्हा," म्हणते. दार लागलं आहे. खाली माझी फळी आहे, वाकडी, एका टोकाला वर आलेली. कडी नीट बसत नाही, त्यामुळे पाढे चालूच आहेत. काल मी आत होतो. एकोणतीस सत्तेला आलो आणि 'दोनशे तेरा' म्हणालो. चुकून नाही, मुद्दाम. बाहेर तिची पावलं वाजत होती. ती थांबली. मला श्वास ऐकू आला. मग पावलं निघून गेली.

मध्ये कुणी बोलायचं नाही, हा माझाच नियम.

म्हणून विचारतो, मॅडम. मुलीची परवानगी तुम्ही दिलीत, ती तिची कमाई आहे, तिला हात लावू नका. माझ्या नावापुढचा शेरा मात्र खोडा. तिथे खरं काय ते लिहा. 'पालक नापास' लिहा, 'पालकांनी मुलीच्या हातातलं काम काढून घेतलं आणि दोष तिच्यावर जाऊ दिला' असं लिहा, तुमच्या भाषेत लिहा, पण शिक्का मारून लिहा. सतराच्या पाढ्याबद्दल मी कुठे बोलेन म्हणून घाबरलात का? बघा, बोललो. आता ती अडचणही उरली नाही.

मला दया नको. मला उत्तर हवं. आणि पत्ता लिहिताना माझं नाव घालू नका, तिचं घाला. पाकीट तीच उघडणार आहे.

मी पास आहे की नापास?